सातबाऱ्यावर न दिसणारी टाकी

पेट्रोल पंप बंद होतो तेव्हा सगळ्यात आधी बोर्ड उतरतो. मग मशिनी जातात, छताचे पत्रे आणि खांब जातात, हवा भरायचा कॉम्प्रेसर जातो. दोन पावसाळ्यांत तिथे तरोटा आणि गाजरगवत माजतं आणि जागा साध्या रिकाम्या प्लॉटसारखी दिसू लागते. रस्त्याला लागून, दर्शनी, आधीच अकृषक झालेली. मंगल कार्यालय, ट्रॅक्टरचं शोरूम, दवाखाना, काहीही उभं राहू शकेल अशी. मातीखालच्या लोखंडी टाक्या काढून नेल्या की तिथेच सोडल्या, हे मात्र वरून बघून कळत नाही. कागद बघूनही कळत नाही, आणि खरी अडचण तीच आहे.

गोंदिया जिल्ह्यात जमीन घेणारा माणूस बेसावध नसतो. इसार देण्याआधी पटवाऱ्याकडून सातबारा काढतो, फेरफार बघतो, शहरातली जागा असेल तर आखीव पत्रिका मागतो. अकृषक आदेशाची नक्कल घेतो, वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च काढून घेतो, वर्तमानपत्रात जाहीर सूचना देतो. कर्ज असेल तर बँकेचा वकील तेच कागद पुन्हा चाळतो. एवढं सगळं होऊनही तपासला जातो तो मालकीचाच प्रश्न. सातबाऱ्यावर पीक असतं, विहिरीची नोंद असते, सोसायटीचा बोजा असतो. त्याच जमिनीत वीस हजार लिटरची इंधनाची टाकी पुरलेली असेल तर तिच्याबद्दल एक ओळ नसते.

ती ओळ असायला हवी. पुरलेल्या प्रत्येक इंधन टाकीची नोंद सातबाऱ्याच्या इतर अधिकारांत किंवा आखीव पत्रिकेवर व्हावी, आणि टाकी रीतसर काढल्याचा किंवा निकामी केल्याचा दाखला जोडल्याशिवाय अशा जागेचं खरेदीखत नोंदवलं जाऊ नये. मागणी साधी आहे. ती कशासाठी, हे कळायला आधी टाकी जवळून बघावी लागेल.

पंपाची टाकी म्हणजे पोलादी पत्र्याचं आडवं नळकांडं. १०, १५, २० हजार लिटर अशा मापांची. खड्ड्यात पाया घालून तिला पट्ट्यांनी आवळतात, भोवती वाळू भरतात. वर येतं ते एवढंच: मॅनहोलचं झाकण, टँकर रिकामा करायची नळी, डिप रॉड सोडायची नळी आणि वाफ बाहेर जाण्यासाठी उभा केलेला, माणसाच्या दुप्पट उंचीचा एक बारीक पाइप. पंप चालू असेपर्यंत या टाकीवर रोज नजर असते. सकाळी मॅनेजर रॉड आत सोडतो, ओली खूण वाचतो, वहीत लिटर मांडतो. रॉडच्या टोकाला लावलेल्या पेस्टचा रंग बदलला तर तळाला पाणी शिरलंय हे समजतं. आदल्या दिवशीचा साठा, झालेली विक्री आणि आजची खूण यांचा मेळ बसला नाही तर कंपनीला कळवलं जातं. जिथे रॉड वर्षानुवर्षं एकाच ठिकाणी आदळते तिथेच पत्रा आतून झिजतो, म्हणून तळाला त्या जागी जादा पट्टी बसवण्याची पद्धत आहे.

पंप बंद झाला की रॉड सोडणारं कोणी उरत नाही. वही संपते. टाकीच्या तळाला राहिलेलं काही लिटर डिझेल, गाळ आणि पाणी तसंच पडून राहतं, आणि लोखंड आतून-बाहेरून गंजत जातं.

गोंदियात हे सगळं जास्त वेगाने बिघडू शकतं, कारण इथली जमीन आणि इथला पाऊस. वर्षाला १२०० मिलिमीटरहून अधिक पाऊस, धानाच्या बांध्यांत तीन-चार महिने साचलेलं पाणी, गावोगाव मालगुजारी तलाव आणि बोड्या. पावसाळ्यात अनेक गावांत विहिरीचं पाणी हाताला लागेल इतकं वर येतं. त्या पाण्यात बुडालेली २० हजार लिटरची रिकामी टाकी सुमारे २० टनांच्या जोराने वर ढकलली जाते. तिचं स्वतःचं वजन याच्या जवळपासही नसतं. पट्ट्या गंजल्या असतील तर टाकी उचलली जाते, नळ्या मोडतात, वरची फरशी फुगते. घराच्या किंवा दुकानाच्या पायाखाली असं झालं तर काय होईल हे सांगायला इंजिनिअर लागत नाही.

खडकाचंही पाहायला हवं. भूगर्भशास्त्रात ज्याला आमगाव नाइस म्हणतात तो अतिप्राचीन खडक याच जिल्ह्यातल्या आमगावच्या नावाने ओळखला जातो. कठीण खडक, वर झिजलेल्या मुरमाचा थर आणि मध्ये भेगा. विहिरी आणि हातपंप यांचं पाणी बहुतेक याच थरातून आणि याच भेगांतून येतं. पेट्रोल पाण्यापेक्षा हलकं, म्हणून गळालेलं पेट्रोल भूजलाच्या पृष्ठभागावर तरंगतं आणि पाण्याच्या उताराने सरकतं. भेग कुठे वळते हे वरून दिसत नाही, त्यामुळे गळती एका प्लॉटवर आणि वास शेजाऱ्याच्या विहिरीला, असं घडू शकतं.

पाणी नासायला किती पेट्रोल पुरेसं आहे? भारतात आजच्या पेट्रोलमध्ये बेंझिन जास्तीत जास्त १ टक्का चालतं. बेंझिनमुळे रक्ताचा कर्करोग होतो, हे सिद्ध झालेलं आहे. पिण्याच्या पाण्यात लिटरला १० मायक्रोग्रॅम ही जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक मर्यादा. हिशेब मांडला तर एका लिटर पेट्रोलमधलं बेंझिन सात लाख लिटरहून अधिक पाण्याला त्या मर्यादेपर्यंत नेऊ शकतं. प्रत्यक्षात काही उडून जातं, काही मातीतले जिवाणू खातात, म्हणून प्रत्येक गळतीने एवढं पाणी नासतंच असं नाही. तरी अंदाज यायला हा हिशेब पुरे. जुन्या पंपांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट: देशभर शिसंविरहित पेट्रोल सक्तीचं झालं ते १ फेब्रुवारी २००० पासून. त्याआधी जिथे पेट्रोल सांडलं-गळलं असेल, तिथल्या मातीत शिसंही असू शकतं, आणि शिसं जिवाणू खात नाहीत.

आता एक धोका असा, की जो प्लॉट विकत घेतल्यानंतर पहिल्याच आठवड्यात माणसाचा जीव घेऊ शकतो. खोदकामात जेसीबीच्या दातांना टाकी लागते. मालकाला वाटतं, लोखंड आहे, भंगारात चांगले पैसे येतील. भंगारवाला गॅस कटर घेऊन येतो. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी जास्त धोकादायक असते, कारण पेटतं ते द्रव नाही, वाफ पेटते. हवेत पेट्रोलची वाफ साधारण १.४ ते ७.६ टक्के असली की एक ठिणगी पुरते, आणि वर्षानुवर्षं बंद पडलेल्या टाकीतही गाळातून वाफ सुटत राहते. ही वाफ हवेपेक्षा जड असल्याने खड्ड्यात तळाला साचते. आत उतरलेला मजूर गुदमरतो, त्याला काढायला उतरलेला दुसराही गुदमरतो. टाकी आधी रिकामी करून, धुऊन, वाफमुक्त करून, गॅस मापून, सक्षम माणसाच्या लेखी दाखल्यानंतरच तिच्यावर आगीचं काम करायचं असा पेट्रोलियम नियमांचा दंडक आहे. प्लॉट साफ करायला बोलावलेल्या मजुराला हे कोणी सांगितलेलं नसतं, कारण ज्याने बोलावलं त्यालाच ते ठाऊक नसतं.

मग ठाऊक कोणाला असतं? सरकारलाच, आणि हीच गोष्ट सगळ्यात जास्त खटकणारी आहे. पेट्रोलियम अधिनियम १९३४ चा. त्याखालचे २००२ चे नियम लागू आहेत आणि ते राबवणारी पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटना, म्हणजे पेसो, हिचं मुख्यालय नागपुरात आहे. पंपाचा परवाना मिळण्याआधी नकाशा मंजूर होतो. त्यात टाकी कुठे, किती मापाची, हद्दीपासून किती अंतरावर हे सगळं काढलेलं असतं. शिवाय जिल्हा प्रशासनाचं ना हरकत प्रमाणपत्र लागतं. म्हणजे प्रत्येक पंपाची एक फाईल पेसोकडे असते आणि एक जिल्ह्याच्या ठिकाणी. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला, त्याआधीच्या पंपाची ना हरकत भंडाऱ्याने दिलेली. माहिती आहे, नकाशासकट आहे. ती सातबाऱ्याच्या उताऱ्यापर्यंत आणणारी वाट मात्र कोणी केलेली नाही. त्यामुळे खरेदीदार ज्या कागदांवर विसंबतो आणि ज्या कागदांत सत्य आहे, त्यांची कधी गाठच पडत नाही.

टाकी कोणाची, हाही गुंता असतो. पंपाची जमीन कधी कंपनीच्या मालकीची, कधी तिने भाड्याने घेतलेली, कधी डीलरची. टाकी आणि मशीन सहसा कंपनीची, आणि परवाना बहुतेक ठिकाणी कंपनीच्या नावावर. जुन्या पंपांचा इतिहास तर आणखी लांबचा. एस्सो १९७४ मध्ये, बर्मा शेल १९७६ मध्ये, कॅल्टेक्स १९७७ मध्ये सरकारने ताब्यात घेतली, आणि या कंपन्यांचे भाडेपट्टे सरकारी कंपन्यांकडे गेले. त्या पट्ट्यांच्या नूतनीकरणावरून जमीनमालक आणि तेल कंपन्यांचे वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचले. वडिलांनी तेव्हाच्या कंपनीला दिलेली जागा मुलांना परत मिळाली, त्यांनी ती वाटून घेतली, एकाने विकली. या साखळीत टाकी कोणी काढायची हे कोणाच्याच लक्षात राहिलं नाही, असं सहज घडू शकतं. वेगळा करार नसेल तर भाडेकरूने जमीन घेतली त्या स्थितीत परत करायची असते, ही तरतूद मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम १०८ मध्ये आहे. जमीन परत घेताना मालकाने तिचा आग्रह धरला तरच तिचा उपयोग.

त्याच १८८२ च्या कायद्याचं कलम ५५ खरेदीदाराच्या कामाचं. जमिनीतला महत्त्वाचा दोष विकणाऱ्याला माहीत असेल, घेणाऱ्याला माहीत नसेल आणि साधारण काळजी घेऊनही कळण्यासारखा नसेल, तर तो सांगणं विकणाऱ्यावर बंधनकारक आहे. ऐकायला भक्कम वाटतं. पण कोपऱ्यात वाफेचा पाइप उभा असेल, गवतात मॅनहोलचं झाकण असेल, तर विकणारा म्हणणार, डोळ्यांसमोर होतं, विचारलं का नाही? आणि पंप बंद होऊन चार हात बदलले असतील तर शेवटच्या विकणाऱ्याला खरंच काही माहीत नसतं. कायदा लबाडी पकडतो. इथे मात्र बहुतेक वेळा लबाडी नसते, विस्मरण असतं, आणि त्यावर नोंद हाच उपाय आहे.

पंपांची निदान फाईल असते. राईस मिलचं काय? धानाच्या या जिल्ह्यात शेकडो राईस मिली आहेत, आणि जुन्या काळी वीज बेभरवशाची असताना डिझेल इंजिन ही अनेकांची गरज होती. डिझेल पेट्रोलियमच्या ब वर्गात मोडतं. एकूण साठा २५०० लिटरपर्यंत आणि एका भांड्यात १००० लिटरच्या आत असेल तर कायद्याने परवानाच लागत नाही. म्हणजे मिलच्या आवारात कोणी लहानशी टाकी पुरली असेल तर ती कोणत्याच सरकारी दप्तरात नाही. तेच ट्रान्सपोर्टच्या अड्ड्यांचं. रॉकेलच्या घाऊक विक्रेत्यांकडे परवाने होते, पण गॅस घरोघरी पोचल्यावर रॉकेलचा कोटा आटला आणि ती गोदामं दुसऱ्या धंद्यांना गेली. मिल बंद होऊन तिथे प्लॉट पडले की टाकी कुठे होती हे फार तर जुन्या दिवाणजीला किंवा हमालाला आठवतं. अशी जागा घेण्याआधी त्या माणसाला शोधून त्याच्याशी बोलणं हे वकिलाच्या सर्च रिपोर्टइतकंच मोलाचं आहे.

बाहेर काय झालं ते बघण्यासारखं आहे. चेन्नईच्या तोंडियारपेट भागात २०१३ मध्ये रहिवाशांच्या बोअरवेलमधून तेलमिश्रित पाणी येऊ लागलं. गळती भारत पेट्रोलियमच्या जमिनीखालच्या पाइपलाइनची निघाली, आणि प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापुढे गेलं. तिथे कंपनी समोर होती, जबाबदार कोण हे ठरवता आलं. बंद पंपाच्या चौथ्या खरेदीदाराच्या बाबतीत समोर उभा राहणारा तोच एक असतो.

अमेरिकेत न्यू जर्सीतल्या एडिसन, पार्सिपनीसारख्या गावांत मराठी कुटुंबं मोठ्या संख्येने राहतात. जुनं घर घेताना तिथे टँक स्वीप नावाचा प्रकार नेहमीचा आहे. पूर्वी घरं तापवायला तेल वापरत, टाकी अंगणात पुरलेली असे. गॅस आला, टाक्या तिथेच राहिल्या. म्हणून सौद्याआधी माणूस येतो, धातुशोधक आणि जमिनीत बघणारं रडार अंगणभर फिरवतो आणि लेखी अहवाल देतो. टाकी निघाली तर ती काढून माती तपासल्याशिवाय खरेदीदार सहसा पुढे जात नाही. ही सवय महागात शिकलेली आहे. जमिनीखालच्या टाक्यांचा कायदा तिथे १९८४ मध्ये आला. तेव्हापासून देशभरात साडेपाच लाखांहून अधिक गळत्या नोंदल्या गेल्या. त्यांच्या नौदलाच्या हवाईतल्या रेड हिल साठ्यातून नोव्हेंबर २०२१ मध्ये विमानाचं इंधन पिण्याच्या पाण्यात उतरलं, ते पाणी सुमारे ९३ हजार लोक वापरत होते, आणि पुढच्या मार्चमध्ये तो साठाच बंद करण्याचा आदेश निघाला. एवढा पैसा आणि यंत्रणा असलेल्यांना जर टाकीने चकवलं, तर गोंदिया जिल्ह्यातल्या देवरीच्या एकट्या खरेदीदाराला नोंदीचाही आधार न देणं हे अन्यायाचं आहे.

आपल्याकडेही कायदा हलू लागलाय. पेट्रोल पंप लोकवस्तीपासून किती दूर हवा याबद्दल केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने जानेवारी २०२० मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या: शाळा, दवाखाने आणि निवासी भागापासून ५० मीटर, आणि जागेची अडचण असेल तर जादा सुरक्षा ठेवून किमान ३० मीटर. त्या नव्या पंपांसाठी. जुलै २०२५ मध्ये केंद्राने प्रदूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम अधिसूचित केले. संशयित प्रदूषित जागांची माहिती जिल्हा प्रशासनाने दर सहा महिन्यांनी द्यायची, राज्य मंडळाने तपासायची आणि साफसफाईचा खर्च प्रदूषण करणाऱ्याकडून वसूल करायचा अशी त्यांची रचना आहे. या नियमांचा रोख मोठ्या औद्योगिक जागांकडे राहील आणि बंद पंप नजरेतून सुटतील, अशी भीती वाटते. गोंदियाच्या जिल्हा प्रशासनाने आपल्या अहवालांत बंद पंपही घेतले तर ती भीती दूर होईल.

नोंदीला विरोध होईल. जागेचे भाव पडतील, आणखी एका दाखल्यासाठी आणखी एका कार्यालयाचे खेटे, असं म्हटलं जाईल. दुसरी तक्रार रास्त आहे. म्हणून दाखला मागण्याचं काम खरेदीदारावर टाकू नये. परवाना परत करताना टाकी काढली की वाळू-काँक्रीटने भरून निकामी केली हे पेसोच्या दप्तरात येईल तेव्हाच त्याची प्रत तहसीलदाराकडे जावी आणि तिथून फेरफार व्हावा. भावाचं म्हणाल तर टाकी असलेली प्रत्येक जागा वाईट नसते. ज्याला पंपच चालवायचा आहे त्याला चांगल्या स्थितीतली टाकी सोयीची. रीतसर निकामी केलेली आणि माती-पाणी तपासलेली जागा कोणीही निर्धास्त घ्यावी. भाव पडेल तो न तपासलेल्या जागेचा, आणि तो पडायलाच हवा.

तोवर खरेदीदाराने स्वतःचं रक्षण करावं. इसारपावतीतच विकणाऱ्याकडून लिहून घ्यावं: जागेवर कधी पंप, डेपो, मिल किंवा इंधनाचा साठा होता का, टाक्या किती, कुठे आहेत, काढल्या असतील तर कोणी आणि कधी. नंतर काही निघालं तर खर्च कोणाचा, याचं कलम खरेदीखतात असावं. परवान्याचा मंजूर नकाशा तेल कंपनीकडून मागावा. कंपनीने टाळाटाळ केली तर माहिती अधिकार आहे. शेजारच्या दोन-तीन विहिरींचं पाणी प्रयोगशाळेत तपासून घ्यावं, तेही नुसतं पिण्यायोग्य आहे का एवढं न विचारता, तेल आणि बेंझिनसाठी. एकदा उन्हाळ्यात आणि एकदा पाऊस संपल्यावर तपासता आलं तर उत्तम, कारण पाण्याची पातळी बदलली की तेलाची जागाही बदलते. नागपुरात नीरीसारखी पर्यावरण संशोधनाची राष्ट्रीय संस्था आहे, हे या भागाचं भाग्य.

जिल्ह्याच्या पातळीवर सुरुवात करायला मोठा खर्च नाही. गोंदिया आणि भंडारा इथल्या जिल्हाधिकारी कार्यालयांत आजवर दिलेल्या ना हरकत प्रमाणपत्रांची यादी काढायची, ती पेसोच्या चालू परवान्यांशी ताडून बघायची आणि जे पंप यादीत आहेत पण परवान्यात नाहीत, त्यांचे गट नंबर तहसीलदारांना कळवायचे. पहिली पाळी देवरी आणि सडक अर्जुनी या महामार्गावरच्या दोन तालुक्यांची आणि गोंदिया शहराची लावावी, कारण रस्त्याकाठच्या जुन्या जागांना मागणी तिथेच जास्त. परवाना न लागणाऱ्या लहान टाक्यांची चौकशी मिलमालकांच्या संघटनांकडे करता येईल. आणि खरेदीखताला दाखला सक्तीचा करायचा तर नोंदणी नियमांत बदल लागेल. तो विषय जिल्ह्यातल्या आमदारांनी मुंबईत मांडावा.